बंड्याच्या पोटापाण्याबद्दल

अरे भावड्या,

तुझ्या पाळीव घोरपडीचा, बंड्याचा फोटो बघितला आणि खरं सांगू, आधी हसलो आणि मग पोटात गोळाच आला. तुला तो 'गुटगुटीत' वाटतोय पण तो गुटगुटीत नाहीये रे, लठ्ठ आहे. चालताना पोट जमिनीला घासतंय म्हणतोस, ते कौतुकाचं नाही.

माझ्या पहिल्या सव्हाना मॉनिटरचं (म्हणजे आफ्रिकेतली घोरपड) मी हेच केलं होतं. काच उघडली की तो धावत यायचा, मला वाटायचं बिचारा उपाशी आहे, म्हणून उंदीर, परत दोन दिवसांनी उंदीर... आणि एक दिवस त्याने खाणंच सोडलं. गेल्यावर डॉक्टरांनी उघडून बघितलं तर आत नुसती चरबी आणि लिव्हर पिवळट पडलेलं. घोरपड कायम भुकेलीच दिसते यार, रानात पुढचं खाणं कधी मिळेल याची खात्री नसते ना, त्यामुळे तिच्या तोंडाकडे बघून वाढायचं नाही.

तुझा पण सव्हानाच. आफ्रिकेतल्या रानात ही जात मुख्यतः रातकिडे, भुंगे, वाणी, गोगलगायी असलं खाते, उंदीर क्वचितच. मग आपण रोज उंदीर का द्यायचे? झुरळं, रातकिडे, नाकतोडे, गांडुळं हे मुख्य ठेव, अख्खा उंदीर अधूनमधून. बागेतल्या गोगलगायी मात्र उचलू नकोस, औषध मारलेलं असतं, जंतपण असतात. पण हे सगळ्या जातींना लागू नाही हां, पाण्याजवळ राहणाऱ्या घोरपडी मासे खेकडे खातात आणि फिलिपिन्सची ग्रेज मॉनिटर तर चक्क फळं खाते!

आता किड्यांची गोची अशी की त्यांच्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नावालाच, आणि आपल्याला हवंय उलटं, साधारण कॅल्शियम २ला फॉस्फरस १. म्हणून किड्यांना आदल्या दिवशी चांगलं खायला घालायचं आणि देताना कॅल्शियम पावडर लावायची, नाहीतर हाडं मऊ होतात, जबडा वाकडा होतो. नुसतं चिकन किंवा खिमा देतोस ना, तिथेही तोच घोळ, त्यात हाड नाही. अख्खा प्राणी दिला की हाडं, काळीज सगळं आपोआप जातं. कुत्र्या-मांजराचं फूड तर आजच बंद कर. आणि कच्च्या अंड्याची सवय लावू नकोस, पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रोटीन बायोटिन हे व्हिटॅमिन धरून ठेवतं, अंगाला मिळू देत नाही.

अजून एक, तू विचारलंच नाहीस पण ऊन कुठंय त्याचं? दिव्याखालचा दगड ५० अंशाच्या वर तापला पाहिजे, हाताने चाचपून नाही, टेम्परेचर गनने बघ. अंग तापलं नाही तर खाल्लेलं पचतच नाही, पोटात सडतं. पाण्याचं भांडं पण एवढं मोठं ठेव की तो आत बसेल, अंगात पाणी कमी आणि वरून नुसतं मांस पडत राहिलं की गाऊट होतो, म्हणजे सांध्यांत आणि आत युरिक अ‍ॅसिड साचतं.

बंड्याला एकदम उपाशी मारू नकोस, हळूहळू कमी कर, किडे मातीत सोड म्हणजे उकरून शोधेल, तेवढाच व्यायाम. आणि दर रविवारी वजन करून मला पाठव, वरून काढलेला फोटो पण पाठव, बाजूने काढून फसवू नकोस.

तुझाच,
घोरपड्या

ता.क. त्याला पहिले काही दिवस किडे आवडणार नाहीत, उंदराची चटक लागलीय, तोंड फिरवेल. विरघळू नकोस.