आक्का, कुत्रं बांधल्याबद्दल आभार

तीर्थस्वरूप आक्कांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवील. खरं तर समोर येऊन बोलायला रस्ता ओलांडायचा एवढंच काम होतं. पण समोर आले की तुम्ही चहा टाकता, विषय म्हशीवर जातो आणि माझं बोलायचं राहतं. शिवाय हे मला चार लोकांत सांगायचं आहे, म्हणून उघड लिहिते.

गेल्या आठवड्यात शाळेत नव्या संडास-मुताऱ्यांचं उद्घाटन झालं. मांडव, फेटे, नारळ, सगळं साग्रसंगीत. एका साहेबांनी माईकवर सांगितलं, "या शाळेतल्या लेकींची गैरसोय आम्हाला बघवली नाही." मी मागं गुच्छ हातात घेऊन उभी होते. बघवली नाही? 2019 च्या महापुरापासून बघवतच होती की! कोनशिलेवर नऊ नावं आहेत. त्यातली दोन-तीन नावं खरीच आहेत, माजी विद्यार्थ्यांची. त्या पोरांनी पदरचे पैसे घातले. बाकीच्यांनी काय घातलं ते त्यांनाच माहीत. तुम्ही तुमच्या दारात उभं राहून बघत होता आणि भाषणं सुरू झाल्यावर आत गेलात. इतकी वर्षं ज्यांच्या परड्यातला संडास शाळेच्या पोरींनी वापरला, त्या तुमचं नाव ना कोनशिलेवर, ना भाषणात. तुम्हाला त्याचं काही वाटलं नसेल. मला मात्र अजून लागून राहिलंय.

लोकांना आधी थोडं सांगावं लागेल. आमची शाळा पंचगंगेच्या बाजूच्या एका पेठेत, उताराला. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी आवारात शिरलं आणि मागची संडासाची रांग तेव्हाच बसली. टाकी तुंबली, दोन दारं वाहून गेली. मग कोरोना आला, शाळाच बंद. जुलै 2021 ला परत पाणी. शाळा सुरू झाल्या तेव्हा मुलांची बाजू कशीबशी चालू झाली. मुलींच्या बाजूला मात्र कुलूप, आणि त्यावर 'वापरास बंद' असा खडूनं लिहिलेला पत्रा. बाई शिक्षिका म्हणून आम्ही ज्या होतो, त्यांच्यासाठी वेगळं असं काही नव्हतंच.

आम्ही काय करायचो ते सांगायला लाज कसली? पाणी प्यायचं नाही. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, मग थेट संध्याकाळी घरी गेल्यावर तांब्या तोंडाला लावायचा. चाळीस पोरांपुढं दिवसभर घसा फोडून बोलायचं ते तसंच. लघवीच्या जळजळीनं दवाखाना गाठला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मुलांना शिकवता ना, पाणी प्यावं म्हणून?" मी हसले, दुसरं काय करणार!

हेडसरांनी पत्रं लिहिली. एका टेबलावरून सांगितलं, प्रस्ताव पाठवा. प्रस्ताव पाठवल्यावर दुसऱ्या टेबलावरून विचारलं, "पट किती आहे तुमचा? एवढ्या पोरांसाठी एवढा खर्च?" एक पुढारी आले, कुलपाबरोबर फोटो काढून गेले. कागदांची ती सगळी यात्रा मी सांगत बसत नाही, तुम्हालाही झोप येईल.

पण त्या "पट किती" मध्ये एक गंमत आहे आक्का, ती सांगते. मुलींना संडास नाही, म्हणून सहावी-सातवीत आल्या की आई दाखला काढून नेते. आईचं काय चुकलं? मग वरच्या वर्गांचा पट उतरतो. आणि 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षक किती ते ठरवायचा, शासन निर्णय म्हणतो की सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला तर तिथं शिक्षकच मंजूर नाही. शिक्षक नाही म्हटल्यावर उरलेली पोरंही खाजगी शाळेची व्हॅन धरतात. मग म्हणायला मोकळे, सरकारी शाळांना पोरं मिळत नाहीत! मे महिन्याच्या उन्हात आम्ही गल्लोगल्ली फिरून पोरं गोळा करतो, आधार जुळत नाही म्हणून त्यांतली काही मोजलीच जात नाहीत, आणि मिळवलेली मुलगी शेवटी एका कुलपापायी जाते.

अशात तो दिवस आला. सातवीतली एक पोरगी मधल्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून उभी राहिली ती हलेचना. काय झालंय ते माझ्या लक्षात आलं, पण तिला न्यायचं कुठं? तेवढ्यात रस्त्यापलीकडून तुम्ही बघितलंत. वैरणीची पेंडी तिथंच टाकलीत, पदर खोचलात आणि फाटकाशी येऊन हळूच म्हणालात, "बाई, तिला माझ्याकडं आणा. बोळातनं आणा, म्होरल्या दारानं नको." म्होरल्या दारानं नको! पुढच्या कट्ट्यावर माणसं बसलेली असतात, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही.

तुमच्या परड्यातला संडास म्हणजे काही वाडा नव्हे. पत्र्याचं छत, बाहेर पाण्याची टाकी, कोनाड्यात साबणाची वडी. पण आतून कडी लागत होती. ती पोरगी बाहेर आली तेव्हा तुम्ही तिला काहीच विचारलं नाहीत. फक्त म्हणालात, "उद्यापास्नं मधल्या सुट्टीत कुत्रं बांधून ठेवतो मी. कुणाला यायचं त्यांनी या."

आक्का, मला नेमके ह्याचे आभार मानायचे आहेत. संडास वापरू दिलात त्याचे आहेतच. पण "या की कधीबी" म्हणणारी माणसं जगात बरीच असतात. त्यांच्याकडं एकदा जाता येतं, दुसऱ्यांदा जाताना पाय अडखळतो आणि तिसऱ्यांदा आपणच जात नाही. तुमचा वाघ्या तर असला की पोस्टमनसुद्धा लांबून हाक मारतो. तो मोकळा असता तर दहा-बारा वर्षांच्या पोरी त्या बोळात शिरल्या असत्या का? प्रत्येकीनं आधी हाक मारायची, "आज्जी, कुत्रं धरा" म्हणायचं, म्हणजे आपण कशाला आलोय ते गल्लीभर सांगायचं. ते सगळं तुम्ही एका साखळीनं मिटवलंत. घंटा व्हायची, पलीकडं नारळाच्या बुंध्याला साखळी वाजायची, आणि पोरी आपापल्या जायच्या-यायच्या. कुणाला काही मागावं लागलं नाही.

आणि रोज! शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून तुम्ही शुक्रवारी पोरांना वेळ विचारून ठेवायचा. चैत्रात जोतिबाला गेलात तेव्हा शेजारच्या वहिनींना सांगून गेलात, "देवाचं मी बघतो, कुत्र्याचं तू बघ." पुढं पुढं तर वाघ्यालाच सवय लागली. घंटा झाली की पठ्ठ्या स्वतःच नारळाखाली जाऊन बसायचा, साखळीची वाट बघत. दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी उगीच घंटा बडवली तर तो तिथं जाऊन बसला होता, हे तुम्हीच सांगितलेलं. एवढी शिस्त मला काही टेबलांमागं बघायला मिळाली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

त्या वर्षी सातवीतून एकही मुलगी मध्येच दाखला काढून गेली नाही. ह्याची नोंद कुठल्या ऑनलाइन फॉर्मात करायची ते अजून कुणी सांगितलेलं नाही. बाकी सगळ्याला रकाना आहे: खिचडीचा तांदूळ किती, गणवेश किती, फोटो अपलोड केला का. शिक्षण हक्क कायद्याच्या 27 व्या कलमात लिहिलंय की जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शाळेबाहेरची कामं लावू नयेत. ह्या तीनच कामांत वर्षाचं किती जातं ते मतदारयाद्या घेऊन जिने चढणाऱ्या बाईला विचारा. आता जनगणना तोंडावर आलीच आहे. असो, रडगाणं पुरे.

5 डिसेंबरचं मात्र लिहायलाच हवं. 2025 च्या 1 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली. मी 2007 ला लागले, शिक्षण सेवक म्हणून, महिना 3000 रुपयांवर, तीन वर्षं. तेव्हा महाराष्ट्रात टीईटी नावाची परीक्षाच नव्हती. 2005 च्या नोव्हेंबरनंतर लागल्यामुळं जुनी पेन्शनही नाही. त्यासाठी मार्च 2023 च्या संपात उतरलो होतो, तेव्हाही लोकांनी बोलून घेतलंच होतं. ह्या वेळी टीईटी आणि संचमान्यता दोन्हींसाठी राज्यभर शाळा बंद ठेवायचं ठरलं. त्या दिवसाचा पगार कापायचं पत्रही निघालं.

सकाळी आम्ही मोर्चाला निघालो तर कट्ट्यावरून आवाज आलाच. "एवढा पगार घ्यायचा आणि परीक्षा म्हटली की रस्त्यावर यायचं व्हय!" मी मान खाली घालून पुढं चालले होते. तुम्ही धारेची कळशी घेऊन येत होता, तिथंच थांबलात. "त्या बाईनं तुझ्या पोरीला वाचाय शिकिवलं. तू शिकीव की दोन दिस, मग बोल." कट्टा गप्प झाला आणि तुम्ही लगेच माझ्याकडं वळून म्हणालात, "आणि तुम्हीबी अभ्यासाला लागा बाई. पास व्हायला काय धाड भरलीय!" दोन्ही बाजूंना एकेक ठेवून दिलीत. कोल्हापुरातल्या मोर्च्यांना दसरा चौक नवा नाही, शाहू महाराजांच्या पुतळ्यानं अशा किती घोषणा ऐकल्या असतील. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात घोषणांपेक्षा तुमचं वाक्यच फिरत होतं. (अभ्यासाला लागलेय हो. गणित बरं चाललंय, मानसशास्त्र छळतंय.)

संध्याकाळी कळलं की धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांची पोरं शाळा बंद म्हणून फाटकाशी घोटाळत होती, त्यांना तुम्ही सोप्यात बसवून ठेवलंत. दुपारी आमटी-भात घातलात. संप आमचा आणि खिचडी बुडाली ती त्या पोरांची, हा काटा मला दिवसभर टोचत होता. तो तुम्ही काढलात, तेही न सांगता. दुसरीतला एक जण म्हणाला, "बाई, आज्जीची आमटी आपल्या खिचडीपेक्षा भारी हाय, परत संप कधी?"

कोल्हापूर म्हणजे दिलदार माणसांचं गाव, असं आपण फार ऐकतो. महापुरात ते खरंही वाटतं. त्या दिवसांत कोण कुणाच्या घरात जेवत होतं त्याचा हिशोब नव्हता. पण पाणी ओसरल्यावर त्याच गावात आमचं पत्र ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं, हेही खरं. पुराच्या वेळी धावून येणं मोठंच, मी त्याला कमी म्हणत नाही. तरी रोज, पूर नसताना, कुणी बघत नसताना, वर्षानुवर्षं दिवसातून दोनदा कुत्रं बांधायला काय लागतं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. ज्यांना महिन्याकाठी ह्याच कामाचा पगार मिळतो त्यांना ते जमलं नाही. तिसरीनंतर शाळा सुटलेल्या बाईला जमलं.

26 जूनला आपल्याकडं प्रत्येक भाषणाची सुरुवात 'राजर्षी शाहूंच्या नगरीत' अशी होते. महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड लावला. आज पोरगी शाळेत येईना म्हणून रुपया वसूल करायचा झाला, तर तो तिच्या आईबापाकडं मागायची माझी हिंमत नाही. कुणाकडं मागायचा ते मला माहीत आहे. त्यांतले काही जण परवा फेटा बांधून बसले होते.

नवे संडास चांगले झालेत, हे सांगायला हवं. दारं नीट लागतात, नळाला पाणी आहे, बायकांसाठी एक खोली वेगळी आहे. किल्ली हेडसरांनी माझ्याकडं दिलीय. मी आता शाळेत पाणी पिते, चांगली लिटरची बाटली आणते. तरी परवा मधल्या सुट्टीत पाचवीच्या दोघी बोळात शिरताना दिसल्या. विचारलं तर म्हणाल्या, वाघ्याला भेटून येतो. त्यांना अडवू का, ते तुम्हीच सांगा.

आणि आपलं एक भांडण बाकी आहे. इतकी वर्षं अख्ख्या शाळेच्या पोरी तुमचं पाणी वापरतात म्हणून आम्ही बायकांनी पैसे काढून पाणीपट्टी भरायचं म्हटलं, तर तुम्ही केवढा आवाज चढवलात! "पाण्याचं पैसं घेऊ व्हय पोरींकडनं?" त्यावर काही बोलायची सोय नव्हती. म्हणून ह्या खेपेला नातवाकडून बिलाचा नंबर घेतला आणि परस्पर भरून टाकलं. पावती त्याच्याच दप्तरात आहे, त्याला मारू नका. मला काय बोलायचं ते शनिवारी बोला, शाळा सकाळची आहे, सुटल्यावर मी मोकळीच आहे.

आपली,
समोरच्या शाळेतल्या बाई