हार्पसिकॉर्ड लावणाऱ्या ताईंस, आभारपूर्वक

ताई, सप्रेम नमस्कार.

हँडेलच्या ‘जूलिओ चेझरे’ या ऑपेराच्या पहिल्या अंकात, मारल्या गेलेल्या शत्रूच्या, पॉम्पेच्या, रक्षेसमोर उभा राहून सीझर ‘आल्मा देल ग्रान पॉम्पेओ’ म्हणतो. ते स्वगत जी शार्प मायनरमध्ये सुरू होतं आणि ए फ्लॅट मायनरमध्ये संपतं. कागदावर हे दोन वेगळे सूर, पण हार्पसिकॉर्डवर, म्हणजे तारा छेडून वाजणाऱ्या या कळफलकाच्या वाद्यावर, एकच काळी पट्टी. परवाच्या प्रयोगात ती पट्टी दोन्ही वेळा खरी बोलली. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत, आणि मराठीत, कारण तारा लावायची किल्ली हातात असताना तुम्ही आमच्याशी मराठीतच बोलत होता: ‘हा पंचम अजून ठोके देतोय, हा जरा उतरवू या.’

तंबोऱ्याच्या सवयीच्या कानाला इथे मोठा धक्का बसतो. आपल्याकडे पंचमातला ठोका (किंचित न जुळणाऱ्या दोन सुरांच्या एकत्र नादातली धडधड) पूर्ण विरला की तार लागली. पण 12 शुद्ध पंचम एकावर एक रचले, तर शेवटचा सूर 7 सप्तकांच्या हिशेबापेक्षा 23.5 सेंट (सेंट म्हणजे समान अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर जातो. तो वाढावा कुठेतरी मुरवावाच लागतो. तुम्ही अठराव्या शतकातल्या इटालियन संगीतकार वॅलोत्तीची पद्धत घेतली: एफ-सी, सी-जी, जी-डी, डी-ए, ए-ई आणि ई-बी या सहा पंचमांतून प्रत्येकी 3.9 सेंट कमी करायचे, उरलेले सहा शुद्ध ठेवायचे. मधल्या सीखालच्या एफपासूनचा पंचम 415 च्या सुरात (मधल्या सीवरचा ए 415 हर्ट्झ, आजच्या नेहमीच्या 440 पेक्षा अर्धा सूर खाली) सेकंदाला साधारण एक ठोका देतो, त्याच्या वरच्या सीपासूनचा दीडाहून थोडा अधिक. हे ठोके काढून टाकायचे नसतात, मोजून ठेवायचे असतात. घाईत ते विसरून एखादा पंचम शुद्ध करण्याचा मोह होतो, आणि मग सगळं देणं शेवटच्या पंचमाच्या गळ्यात पडतं.

तो शेवटचा पंचम म्हणजे जी शार्प-ई फ्लॅट. तिथे वर्तुळ मिटतं. आधी झालेली प्रत्येक बारीक चूक तिथे साठलेली असते, म्हणून तो लावायचा नसतो, फक्त तपासायचा असतो: न लावताच शुद्ध निघाला तर बाकीचे अकरा बरोबर. हँडेलने सीझरचं स्वगत नेमकं त्याच सांध्यावर ठेवलंय. दुपारी तुम्ही तो पंचम वाजवलात, दोन सेंटांइतका खटकला, आणि तो तिथेच ढकलून न बसवता मागे बी-एफ शार्पपर्यंत जाऊन चार सूर पुन्हा लावलेत. त्यात सात-आठ मिनिटं गेली. संध्याकाळी स्वगताचा स्वरमेळ आम्ही निर्धास्त धरून ठेवू शकलो, तो त्या मिनिटांमुळे.

हे ऑपेरा 20 फेब्रुवारी 1724 ला लंडनच्या हेमार्केटमधल्या किंग्ज थिएटरात पहिल्यांदा झालं. आजच्या काँक्रीटच्या सभागृहात ते नेपथ्याशिवाय, मंचावरच वाद्यवृंद बसवून करताना त्रास होतो तो हवेचा. सुमारे 1,900 माणसं बसली की शांत बसलेला प्रत्येक देह साधारण 100 वॅट उष्णता सोडतो. म्हणजे 190 किलोवॅट, वर श्वासातला दमटपणा. उष्णतेने तारा सैलावतात आणि सूर उतरतो. दमट हवेत साउंडबोर्ड, म्हणजे तारांखालची लाकडी फळी, फुगतो आणि सूर चढतो. खर्जातल्या पितळी तारा आणि वरच्या लोखंडी तारा सारख्या प्रमाणात सरकत नाहीत. त्यात ओबो हे फुंकवाद्य उलट दिशेला जातं: हवा एका अंशाने तापली की ध्वनीचा वेग सेकंदाला 0.6 मीटरने वाढतो, आणि नळीतला सूर दोन-तीन सेंट चढतो.

म्हणून तुम्ही आधी किल्ली काढली नाहीत, आधी प्रकाशयोजनेच्या माणसाला गाठलंत. प्रयोगाचे दिवे वाद्य लावण्याच्या तासभर आधीपासून चालू हवेत, आणि वातानुकूलन रिकाम्या सभागृहाच्या नव्हे, भरलेल्या सभागृहाच्या स्थितीत. छतातल्या झोताखालून वाद्य दीड मीटर बाजूला घ्यायला लावलंत. थंड व्हॅनमधून आलेल्या लाकडाला दोन तास नुसतं मंचावर राहू दिलंत. हे सांगायला धीर लागतो, कारण त्या वेळी मंचावर खुर्च्या मांडायची घाई असते आणि मागे कोणीतरी व्हॅक्युम क्लीनर फिरवत असतो. तो बंद करायलाही तुम्हीच सांगितलंत.

भाड्याचं दुसरं वाद्य 440 च्या जागेवर लावून आलं होतं. कळफलक एक तार बाजूला सरकवून 415 करता येतो, आणि बरेच जण तेवढंच करतात. पण असमान मेळ, म्हणजे वॅलोत्तीसारखी सुरांची असमान वाटणी, लावलेला असेल तर तोही सरकतो: सीच्या पट्टीखाली बीची तार येते, आणि सी मेजरच्या वाट्याला बी मेजरचा 408 सेंटांचा धारदार गंधार. तुम्ही एकच स्वरमेळ वाजवून ते ओळखलंत. मग दुसऱ्या वाद्यावर नवा हिशेब न मांडता पहिल्याचे मधल्या सप्तकातले 12 सूर जसेच्या तसे एकास एक उतरवून घेतलेत, तिथून वरखाली सप्तकं. दोन वाद्यांवर वेगवेगळा हिशेब बसवला, तर दोन्ही आपापल्या जागी बरोबर आणि एकत्र वाजवली की बेसूर. पहिल्या वाद्याच्या 61 पट्ट्या, प्रत्येकीला तीन तारा, म्हणजे 183, दुसऱ्याच्या वेगळ्या. एवढ्या खुंट्यांत एकही तार तुटली नाही. प्रत्येक वेळी किल्ली बसवल्यावर आधी तार किंचित उतरवून आपण योग्य खुंटीवर आहोत याची खात्री करून घ्यायची तुमची पद्धत आम्ही आता उचलली आहे.

मध्यंतर 20 मिनिटांचं, त्यातली पहिली पाच वादक उठण्यात जातात. उरलेल्या पंधरात सगळं लावता येत नाही, आणि तसा प्रयत्न केला की अर्धवट लावलेलं वाद्य हाती येतं. तुम्ही आधी दोन आठफुटी संच (मूळ सुराच्या तारा) मधल्या दोन सप्तकांत एकमेकांशी जुळवलेत, मग खर्जातल्या पितळी तारा, एक सप्तक वरचा चारफुटी संच सगळ्यात शेवटी. ‘तिसऱ्या अंकात चारफुटी लावू नका, तो अजून बसलेला नाही’ हे स्पष्ट सांगितलंत म्हणून आम्ही तो बंदच ठेवला. वरच्या डीचा जॅक, म्हणजे पट्टी दाबल्यावर उचलली जाऊन नखीने तार छेडणारी काडी, अडकत होता. नखी धरणारी जीभ परत फिरत नव्हती, त्यामुळे दुसऱ्यांदा दाबल्यावर सूर गप्प. नखी बदलण्याऐवजी तुम्ही फुगलेल्या खाचेत जॅक दोनदा वरखाली केलात, कड किंचित घासलीत, आणि काम झालं. नखी बदलली असती तर तो एकच सूर शेजाऱ्यांपेक्षा मोठा वाजला असता.

आता ज्यासाठी हे सगळं केलं जातं ते. दुसऱ्या अंकात क्लिओपात्रा ‘व्हादोरो पुपिल्ले’ गाते: एफ मेजर, मंद केलेली व्हायोलिनं, हार्प, थिऑर्बो (लांब मानेचं तंतुवाद्य), व्हिओला दा गाम्बा (गुडघ्यांत धरून वाजवायचं गजवाद्य). तुमच्या मेळात तिथला गंधार 392 सेंटांवर आहे, तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराच्या 386 च्या अगदी जवळ. स्वरमेळ कुठेही कडेला टोचत नाही. तिसऱ्या अंकात कैदेत पडलेली तीच क्लिओपात्रा ‘पियांजेरो’ गाते, ई मेजरमध्ये, आणि तिथला गंधार 404 वर. तार तीच, हात तोच, पण स्वरमेळात एक ताण राहतो जो मिटत नाही. सगळे सूर समान अंतरावर लावले असते तर दोन्ही ठिकाणी 400 निघाले असते. हा फरक श्रोत्यांपैकी फार थोड्यांना शब्दांत सांगता येईल, पण ‘पियांजेरो’च्या पहिल्या ओळीला सभागृहात एकही खोकला उमटला नाही.

तुमचं मानधन ठरलेल्या तासांचं होतं आणि तुम्ही त्याहून दोन तास जास्त थांबलात. त्या दोन तासांचा हिशेब आम्ही व्यवस्थापनाकडे दिला आहे. तो तुम्ही नाकारू नये, ही विनंती.

दुसरं वाद्य काल परत गेलं. कळफलकाखाली तुमची चिठ्ठी होती: ‘415 वर वॅलोत्ती लावलेलं आहे. सरकवल्यास पुन्हा लावावे.’ ती आम्ही काढली नाही, फक्त खाली इंग्रजीतही लिहिली.

आपले,
कंटिन्युओच्या (गायनाला खर्जाचा आणि स्वरमेळाचा आधार देणाऱ्या वादकांच्या) बाकावरचे आम्ही चौघे