कोअरमध्ये जळणाऱ्या युनिटांचा हिशेब

संपादक महोदय,

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात, टेस्टिंग विभागात माझी सगळी नोकरी झाली. आता इथल्या बऱ्याच कंपन्या पर्यावरणाचा अहवाल काढतात. छपरावर सौर पॅनेल, आवारात झाडं, सांडपाण्याचा पुनर्वापर. ही कामं चांगलीच आहेत. पण आमच्या धंद्यातला खरा भार गेटबाहेर गेलेल्या मालात असतो, आणि तो ठरतो डिझाइन व खरेदीच्या बैठकीत.

नो-लोड लॉसच घ्या. गावात दिवा लागो न लागो, ट्रान्सफॉर्मर चार्ज असेपर्यंत कोअर, म्हणजे आतला लोखंडी गाभा, वीज खातच राहतो, वर्षाचे ८७६० तास. लॉस फक्त १०० वॉट जास्त असला तरी वर्षाला ८७६ युनिटं जातात, २५ वर्षांत जवळजवळ २२ हजार. सात रुपये युनिट धरलं तर दीड लाखाच्या वर. टेंडर मात्र बहुतेक वेळा आजच्या किमतीवर सुटतं. आयएस ११८० या ट्रान्सफॉर्मरच्या भारतीय मानकात लॉसच्या मर्यादा आल्या, स्टार रेटिंग आलं, हे फार बरं झालं. तरी मर्यादेच्या काठावर बेतलेलं डिझाइन मी टेस्ट बेंचवर पुष्कळ पाहिलं आहे.

नवं तंत्रज्ञान घेतलं की प्रश्न मिटतो असंही नाही. अमॉर्फस, म्हणजे काचेसारख्या रचनेच्या धातूच्या पातळ पट्टीच्या, कोअरचा नो-लोड लॉस खूपच कमी, पण पट्टी ठिसूळ आणि कोअर आकाराने मोठा. ट्रान्सफॉर्मरमध्ये भरायचं, वनस्पती तेलापासून केलेलं एस्टर ३०० अंशांपर्यंत पेट घेत नाही, सांडलं तर जमिनीत विघटन पावतं. मात्र हवेशी संपर्क आला की खराब होतं, म्हणून टाकी सीलबंद हवी, आणि घट्ट असल्याने कूलिंगचं गणित नव्याने मांडावं लागतं. स्विचगिअरमधला, म्हणजे वीजप्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॅनेलमधला, एसएफ-सिक्स हा इन्सुलेशनचा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २३,५०० पट तापवणारा. २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये तो वापरायला युरोपने १ जानेवारी २०२६ पासून बंदी घातली आहे. त्याऐवजी कोरडी हवा भरायची तर पॅनेलचा आकार किंवा दाब वाढवावा लागतो. हे सगळं एकट्या पर्चेस मॅनेजरने कसं तोलायचं?

आमच्याकडे अशा बैठकांना सर्व्हिसवाल्यांना कधी बोलावलं नाही. एकदा गॅस्केटचं, म्हणजे जोड सीलबंद करणाऱ्या पट्टीचं, मटेरियल बदललं आणि काही वर्षांनी तेल गळू लागलं. कारण शोधायला गेलो तर ठरवणारे साहेब केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेलेले, ड्रॉइंगवर नुसतं ‘सुधारित’ आणि तारीख. ३० वर्षं टिकणाऱ्या वस्तूबद्दलचा निर्णय का घेतला, हे लिहून ठेवायला एक पान पुरतं. त्यावर टेस्टिंग आणि सर्व्हिसची सही हवी. सुटे भाग किती वर्षं मिळतील, शेवटी तेल किंवा वायू कोण परत घेईल, हेही त्यात यावं.

लहान कारखान्यांकडे असा हिशेब करणारी माणसं नसतात. पण सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवन या तंत्रशाळेचा वारसा चालवणारी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनिअरिंग शाखा याच शहरात आहे, आणि मकरपुऱ्यात एर्डा या विद्युत उपकरणांच्या चाचणी-संशोधन संस्थेची प्रयोगशाळाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून जवळच्या एकेका कारखान्याचा पंचवीस वर्षांचा लॉस-हिशेब मांडायला दिला, तर मालकांच्या हातात पुढच्या टेंडरआधी खरे आकडे येतील. विद्यापीठाने हे येत्या सत्रापासून सुरू करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त टेस्टिंग इंजिनिअर, दांडिया बाजार, वडोदरा