टॅलीवाल्या काकांना

काका,

गोदीत मालाची टॅली, म्हणजे मोजदाद, लिहिणारे तुम्ही रिटायर होऊन गावी गेलात म्हणे. जुना नंबर लागत नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. कुणीतरी दाखवेलच तुम्हाला.

२०१९ची ती दुपार. मुंबईच्या गोदीत जहाजाच्याच क्रेनची वायर तुटली आणि पाइपांचा बंडल हॅचमध्ये, म्हणजे जहाजाच्या मालखणात, बाबांच्या डाव्या पायावर आला. सगळे बाबांकडे धावले. तुम्हीही धावलात, पण आधी तुटलेल्या टोकाचे दोन फोटो काढलेत. मला तेव्हा तुमचा राग आला होता. माणूस विव्हळतोय आणि हे फोटो काढताहेत! फोटोंत वायरीला वरून ताजं ग्रीस, आत पार गंज, तुटक्या तारा निवडुंगाच्या काट्यांसारख्या उभ्या. संध्याकाळपर्यंत खलाशांनी नवी वायर चढवलीसुद्धा.

मग टोलवाटोलवी. जहाजवाले म्हणाले, क्रेनवाल्याने झटका दिला. स्टिव्हडोर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचा ठेकेदार, म्हणाला, क्रेन जहाजाची, आमचा काय संबंध?

वकिलांनी दोन वाटा सांगितल्या. तेव्हाच्या १९२३च्या भरपाई कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नव्हती. पगार, वय आणि अपंगत्वाचा टक्का यांवरून रक्कम ठरायची. पण तिथे अर्ज केला की त्याच इजेसाठी कोर्टात दावा चालत नसे. दुसरी वाट कोर्टात जहाजावर दावा करायची; तिथे चूक दाखवायला हवी, आणि जहाज काही आपल्यासाठी थांबत नाही. तुमचे फोटो बघून वकील म्हणाले, जहाजावरच दावा करू. २०१७च्या कायद्याने हायकोर्टाकडून जहाजालाच अटक करवता येते. ‘जहाजाला अटक’ ऐकून आई त्याही दिवसांत हसली. जहाजमालकांच्या विमा क्लबने, म्हणजे त्यांच्या सामायिक विमा संस्थेने, हमीपत्र दिलं, तेव्हा जहाज सुटलं.

क्रेनची वर्षातून एकदा कसून तपासणी व्हावी लागते. रजिस्टरात ती तारीख उलटून पाच महिने झालेले. त्यात तुमचे फोटो, आणि टॅली बुकात वेळ, हॅच, क्रेनचा नंबर. अक्षर मात्र भयंकर हो काका! ३:२० की ८:२० यावर अर्धा तास गेला. चार वर्षांनी जहाजवाल्यांनी तडजोड केली.

त्या पैशांत बाबांचा चांगला कृत्रिम पाय झाला आणि माझं नर्सिंग पूर्ण झालं. शिवडीच्या आमच्या चाळीत लिफ्ट नाही, बाबा तिसरा मजला चढतात. मुंबईत आलात की या. बांगडे मी आणते.

तुमची,
हॅचमधल्या बाबांची मुलगी