काकाजी, हूड बसला! नागपूरच्या इतवारीतल्या ताडपत्रीवाल्यांना जाहीर आभार पत्र

नमस्कार काकाजी,

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. वहिनी वाचून दाखवतील, आणि कौतुकाचा शब्द आला की तुम्ही "पुढचं वाच" म्हणाल, हेही ठाऊक आहे. तरी आमच्या पिकअपच्या हौद्यावर कमानींवर ताणून बसवलेल्या त्या कापडी छपराबद्दल, म्हणजे हुडाबद्दल, लिहितोच. दुकानात येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही चहावाल्याला हाक मारता आणि विषय तिथंच संपतो. शिवाय आमच्यासारख्या जुन्या पिकअप विदर्भात अजून कितीतरी गोठ्यांत नि शेडांत उभ्या असतील. त्यांच्या मालकांनी हे वाचावं, अशी इच्छा आहे. नाव-पत्ता छापू नको, असं तुम्ही बजावलंय, म्हणून देत नाही. ज्याला खरी गरज असेल तो माझ्यासारखाच मांडववाल्यांना विचारत विचारत पोचेल.

आधी वाचणाऱ्यांसाठी गाडीबद्दल. आमच्याकडे बाबांची महिंद्रा एफसी-150 आहे. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. या गाडीला नाक नाही. इंजिन दोन सीटांच्या मधे आणि ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावर बसलेला, त्यामुळे जीपएवढ्याच लांबीत मालाला मोठा हौदा मिळतो. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. तिकडे ती 1965 साली बंद झाली, आपल्याकडे महिंद्राने पुढेही बनवली. आमची गाडी काटोलकडच्या मळ्यातून नागपूरच्या संत्रा मार्केटला फेऱ्या मारायची. नंतर ती बरीच वर्षं शेडमध्ये होती. मी ती पुन्हा उभी करायला घेतली तेव्हा इंजिन, ब्रेक, वायरिंग, पत्रा हे सगळं होत गेलं. जीपचे पार्ट मिळतात, मिस्त्रीही मिळतात. गाडी अडली ती हुडावर.

नागपुरात सुती कॅनव्हास मिळू नये, ही गंमतच म्हणायची. 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथं सुरू झाली. आज मिलच्या जागेवर मॉल आहे आणि कॉटन मार्केटात मेथी-सांभार (म्हणजे कोथिंबीर) मिळतो. गांधीबागेत विचारा, वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांच्या लाइनीत विचारा, ताडपत्री म्हटलं की समोर निळं-पिवळं प्लास्टिक उलगडतात. त्याला मी नावं ठेवत नाही. तुरीच्या ढिगावर रातोरात टाकायला ते उत्तम, हलकं आणि स्वस्त. पण कमानींवर ताणून बांधलं की वाऱ्यानं फडफडून कडेला चिरतं, आणि आपल्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की थोड्याच उन्हाळ्यांत त्याचा भुगा पडायला लागतो. खाली संत्रा असला तर आणखी वाईट. तोडलेलं फळसुद्धा श्वास घेतं, ओल सोडतं. ती ओल प्लास्टिकला आतून धरते आणि थेंब परत फळावर. सुती कॅनव्हासातून हवा हलत राहते, हाच तर त्याचा सगळा उपयोग.

मधे एका दुसऱ्या शहरातून तयार हूड मागवून पाहिला. "सगळ्या पिकअपला बसतो" असं सांगून पाठवलेला तो हूड कुठल्याच पिकअपला बसेल असं वाटत नाही. कमानींच्या खोळा आमच्या कमानींच्या मधोमध आल्या. पैसे परत मिळाले नाहीत. असो.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या हातात व्यवस्थित काढलेला नकाशा होता. लांबी, रुंदी, कमानीची उंची, फाळक्याची, म्हणजे मागच्या झडपेची रुंदी, सगळं इंचात. तुम्ही चष्मा न लावताच तो बाजूला ठेवला.

"हे कायले लेहून आणलं? गाडी आन. पाणी कागदावर नाई पडत."

गाडी आणली. मला वाटलं आता टेप निघेल. निघाली सुतळी. पुढच्या कमानीपासून मागच्या कमानीपर्यंत ती ताणून बांधली आणि तुम्ही हौद्यात चढून मधल्या कमानीकडे नुसतं बघत राहिलात. सुतळी आणि मधली कमान यांच्यात दोन बोटांची फट होती. कित्येक वर्षं पोरं त्या कमानीला लोंबकळली असणार, ती दबली होती. "इथं तळं होईन," तुम्ही म्हणालात. तळं म्हणजे काय, ते नंतर समजावलंत: कापडाला जरा पोट पडलं की पाणी साचतं, साचलेल्या पाण्याच्या वजनानं पोट वाढतं, मग आणखी साचतं. एक बादलीभर पाणी म्हणजे दहा-पंधरा किलो. एवढं वजन रात्रभर एकाच जागी बसलं की कसलंही कापड पाझरतं आणि शिवण उसवते. मग कमानीच्या दोन्ही पायांखाली पत्र्याच्या चकत्या टाकून ती सुतळीच्या वर बोटभर काढलीत, तेव्हा कुठं खडू हातात घेतला. कापडाला अजून कातर लागली नव्हती आणि अर्धा हूड तयार झाला होता, असं आता मला वाटतं.

कापड तुम्ही कानपूरचं मागवलंत. हिरवट, जड, मेणाचा उग्र वास येणारं. त्यात पॅराफिन असतं ते पाणी अडवायला आणि तांब्याचं रसायन असतं ते बुरशी रोखायला. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली बारीक भोकं आपोआप बुजतात. म्हणूनच शिलाईलाही तुम्ही नायलॉनचा दोरा घेऊ दिला नाही. नायलॉन फुगत नाही, सुईचं भोक उघडंच राहतं, आणि कडक दोरा मऊ कापडाला हळूहळू कापत जातो. तुमचा सुती दोरा मेणाच्या वडीतून ओढून घेतलेला.

शिलाई वहिनींची. हे मुद्दाम लिहितो, कारण गिऱ्हाईक येतं ते तुमच्याशी बोलतं आणि जड कापडाचा तो डोंगर मशीनखालून सरळ रेषेत सरकवतात त्या. दुहेरी टीप, दोन्ही पदर एकमेकांत दुमडलेले. वरचा पदर खालच्या पदरावर, छपरावर कौलं रचतात तसा, म्हणजे ओघळणारं पाणी शिवणीत शिरत नाही. आडव्या जोडाला पुढचा पदर वर आणि मागचा खाली ठेवलाय, म्हणजे गाडी पळताना वारा शिवणीत घुसत नाही. एका जागी टीप अर्ध्या इंचानं सरकली होती. मला तर दिसलीही नव्हती. वहिनींनी न बोलता वीतभर उसवली आणि परत मारली. वहिनी, तुमचे आभार वेगळे.

दोरी ओवायच्या रिंगा पितळेच्याच. लोखंडी रिंगा स्वस्त मिळतात, पण गंज सुती धागा खातो आणि काही पावसाळ्यांनी रिंग दोरीसकट हातात येते. कमानींवर मी जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळून आणलं होतं, ते तुम्ही काढायला लावलंत, उन्हात चिकटतं म्हणून. त्याजागी नवारपट्टी आली, आणि हूड जिथं कमानीवर घासतो तिथं आतून दुहेरी कापड. काठात दोर घालून दुमड घेतलीत, म्हणजे ताण रिंगांवर न येता दोरावर येतो.

पण काकाजी, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते त्या चिंधीसाठी.

बाबांच्या वेळच्या हुडाचा एक तुकडा सरपणावर झाकलेला होता. तो मी नमुना म्हणून आणला होता. माझ्या डोक्यात सारखं 'ओरिजिनल' घोळत होतं. कारणही होतं. 2021 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद व्हायची तर गाडी 50 वर्षांहून जुनी हवी आणि मूळ रूपात हवी, मोठा फेरफार चालत नाही. अशी गाडी मग रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. जुनी नोंदणी असली तर जुना नंबर कायम राहतो. म्हणून मी कंपनीचा हूड कसा होता, कुठल्या रंगाचा होता, टिच बटनं होती की पट्टे, याचे फोटो गोळा करत होतो. अमेरिकेतल्या गाड्यांचे फोटो मिळाले, पण त्यांचा हौदा वेगळा, आमच्या हौद्याच्या फळ्या इथल्याच सुताराच्या.

तुम्ही तो तुकडा उलटा केलात, शिवण नखानं उकललीत आणि उजेडात धरलीत. एका बाजूला मशीनची टीप. तिच्याच शेजारी दाभणानं हातानं मारलेले लांब टाके. ठिगळाला तिसराच दोरा. तीन रिंगा उरल्या होत्या, तिन्ही वेगवेगळ्या मापाच्या.

"हे कंपनीचं नोहे. हे इकडलंच काम हाय. तीन जणायचा हात लागला याले."

मग तुम्ही सांगितलंत की तुमच्या लहानपणी पिकअप, मेटाडोर, मिनिट्रक गाड्या उघड्याच यायच्या. कमानी लोहार करायचा आणि हूड ताडपत्रीवाला शिवायचा, जशी गाडी तसा. दुकानासमोर गाडी उभी राहायची, ड्रायव्हर जेवून यायचा, तोवर कापड बेतून व्हायचं. म्हणजे मी ज्या मूळ हुडाचा शोध घेत गावं पालथी घालत होतो, तो आमच्या गाडीपुरता तरी कुठल्याही कारखान्यातून आलाच नव्हता. तो इतवारी नाहीतर काटोलच्या एखाद्या ओट्यावर, गाडी समोर ठेवून, असाच कुणीतरी बेतला होता. हे ऐकल्यावर फोटो गोळा करणं मी बंद केलं. आता कुणी विचारलं की हूड मूळचा आहे का, तर मी बेलाशक हो म्हणतो. ज्या पद्धतीनं पहिला झाला त्याच पद्धतीनं हा झाला, आणि माझ्या लेखी गाडीचा सगळ्यात अस्सल भाग आता तोच आहे. इंजिनातले निम्मे पार्ट तर कुठल्या कुठल्या जीपचे आहेत!

हूड बसवल्या दिवशी तुम्ही पाइप लावून तो भिजवलात. नव्या कोऱ्या हुडावर पाणी बघून माझा जीव खालीवर. पहिल्या पाण्याला शिवणीतून थेंब टपकले, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. ताणलेल्या अवस्थेत उन्हात वाळवला, पुन्हा भिजवला. दुसऱ्या खेपेला थेंब तुरळक, नंतर बंद. कापड आटून कमानींवर बेताचं बसलं. आटण्यासाठी किती जास्त कापायचं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत ते विचारलं तर "हाताले समजते" म्हणालात. यापुढे मी काय विचारणार?

तुमच्या सूचना घरी भिंतीवर लिहून ठेवल्यात. पाऊस सुरू झाला की दोऱ्या जरा ढिल्या करायच्या, कारण भिजल्या की त्या आखडतात आणि रिंगा ओढतात. पाऊस चालू असताना आतून कापडाला बोट लावायचं नाही, लावलं की तिथूनच पाझर सुरू होतो. ओला हूड घडी घालून ठेवायचा नाही. साबणाच्या पावडरीनं धुवायचा नाही, नुसतं पाणी नि ब्रश. माझ्या मुलानं "बोट लावलं तर काय होते" हे पहिल्याच पावसात करून पाहिलं. होते ते झालं.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या वादळात गाडी मुद्दाम अंगणात उघड्यावर ठेवली होती. हौद्यात सकाळी वर्तमानपत्राचा एक कागद पसरलेला सापडला, माझाच, परीक्षेसाठी टाकलेला. कोरडा होता. फक्त फाळक्याकडच्या कोपऱ्यात ओल आली होती, त्याचं कारण खाली येतंय.

हिशेबाबद्दलही बोललं पाहिजे. तुम्ही कापडाचे पैसे बिलाप्रमाणे घेतले, मजुरी सांगितली तेवढीच घेतली, आणि चकत्यांचे, नवारीचे, दुसऱ्यांदा बसवायला आलात त्याचे काही लावले नाहीत. उरलेलं कापड तर गुंडाळी करून हातात दिलंत, "ठिगळाले लागन" म्हणून. दुकानदार उरलेलं कापड परत देतो, हे मी फार वर्षांनी पाहिलं. मजुरीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. एवढ्या कामाला ती कमी आहे. पुढच्या गिऱ्हाइकाला वाढवून सांगा, वाटल्यास हे पत्र दाखवा.

आता कामाचं. मागच्या पडद्याच्या डाव्या पट्ट्याचं बक्कल सुटतं, तिथूनच तो कोपरा भिजला. दसऱ्याच्या आधी गाडी घेऊन येतो. माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे काकांची मेटाडोर आहे. तोही येईल म्हणतो. इंजिनिअर माणूस आहे, त्यामुळे कागदावर माप काढून आणेल. मी सांगून पाहिलं, ऐकत नाही. त्याला तुम्हीच सांगा.

वहिनींना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

आपला,
हिरव्या पिकअपवाला