आमच्या वेळी दर्जा होता म्हणे

संपादक साहेब, स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पत्रांच्या सदरात एका आजोबांनी लिहिलं होतं की आता गल्लोगल्ली पीएचडी झालेत, आमच्या वेळी काय दर्जा होता वगैरे वगैरे. मी स्वतः बीकॉमच्या पुढे शिकले नाही, पण १९७६ पासून जवळजवळ पंचवीस वर्षं सदाशिव पेठेत घरी बसून लोकांचे थीसिस टाइप केलेत, तो दर्जा पानापानाने माझ्या बोटांखालून गेलाय, म्हणून हे पत्र.

वर बाँड पेपर, खाली चार पातळ कागद आणि मध्ये चार कार्बन, अशा पाच कॉप्या एकदम निघायच्या. पाचवीवर अक्षर उमटावं म्हणून टाइपरायटरची की इतक्या जोरात मारायला लागायची की रात्री ताट उचलताना मनगट ठणकायचं. चूक झाली की पाची कागदांवर वेगवेगळं खोडा. एकदा कार्बन उलटा घातला गेला आणि अख्खं पान वरच्या कागदाच्या पाठीवर उमटलं, तेव्हा मी खरंच रडले होते कारण दुसऱ्या दिवशी त्या मुलाचं सबमिशन होतं. सगळ्यात वैताग संस्कृतवाल्यांचा, त्यांचे कितीतरी प्रबंध इंग्रजीत असायचे, संस्कृत शब्द रोमन अक्षरांत लिहिताना काही अक्षरांखाली टिंबं लागायची, मशीनवर ती देता यायची नाहीत, ती सगळी काळ्या शाईने हाताने भरायची, म्हणजे नुसतं कृष्ण लिहायचं तर 'ऋ'ला एक, 'ष'ला एक, 'ण'ला एक अशी एका देवाला तीन टिंबं आणि ती गुणिले पाच कॉप्या. प्रबंध वैष्णव संप्रदायावर असला की संपलंच. केमिस्ट्रीवाली पोरं त्यामानाने बरी, एनसीएलमध्ये म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम करायची, डिग्री पुणे विद्यापीठाची, त्यांच्यासाठी फक्त जागा मोकळी सोडायची, रेणूंच्या आकृत्यांचे षटकोन ते आपले आपण स्टेन्सिलने काढायचे.

आणि त्यातले सगळे काही ग्रेट नव्हते हो. काहींचं पहिलं प्रकरण आणि शेवटचं प्रकरण शब्द फिरवून तेच असायचं, एकदा तर मीच त्या गृहस्थांना विचारलं की हे पान दोनदा का देताय. ते पण डॉक्टर झाले.

आता 'आमच्या वेळी' म्हणजे नक्की कधी? मुंबई विद्यापीठ निघालं १८५७ ला, लंडनच्या नमुन्यावर, म्हणजे काम काय तर परीक्षा घ्यायची आणि डिग्री द्यायची, शिकवायचं कॉलेजांनी. रानडे, भांडारकर १८६२ ला पदवीधर झाले ते असेच. विद्यापीठांनी स्वतः शिकवावं ही सोय १९०४ च्या कायद्याने आली आणि मुंबईत समाजशास्त्राचा विभाग निघायला १९१९ उजाडलं. पीएचडी करायची तर परदेशाची बोट पकडायची. समाजशास्त्रज्ञ घुर्ये केंब्रिजहून करून आले. इरावती कर्व्यांनी मुंबईला त्यांच्याकडे १९२८ मध्ये एमए केलं पण डॉक्टरेटला बर्लिनलाच गेल्या. म्हणजे थोडे होते कारण दारच एवढंसं होतं, त्याला दर्जा म्हणायचं का दुर्मिळ म्हणायचं ते आजोबांनी ठरवावं.

पुण्यात तर ही गोष्ट अजून गमतीची आहे. डेक्कन कॉलेज सरकारने १९३४ ला बंदच करून टाकलं होतं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीचा हवाला देऊन कोर्टात गेले, आणि १९३९ ला ते पुन्हा उघडलं ते बीएचं कॉलेज म्हणून नाही तर पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून. तिथे आले कोण, तर पुरातत्त्वाचे सांकलिया, समाजशास्त्राच्या इरावतीबाई, भाषाशास्त्राचे कत्रे. मोजकीच माणसं! पण पुरातत्त्व म्हटलं की अजून जग पुण्याचं नाव घेतं ते सांकलियांमुळे. तिकडे गोखले इन्स्टिट्यूटमध्ये १९३० पासून अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होतेच.

पुणे विद्यापीठ आलं त्याच्याही नंतर, फेब्रुवारी १९४९ मध्ये, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू, जागा गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला, आणि हद्द किती तर १२ जिल्हे. पुढे कोल्हापूरला, मग जळगावला वेगळं विद्यापीठ झालं. माझ्याकडे यायचे ते बरेचसे गावाकडचे, कॉलेजात शिकवत शिकवत प्रबंध करणारे, दिवाळीच्या सुट्टीत नगर, धुळ्याहून एसटीने ट्रंक घेऊन यायचे. घरात आधी मॅट्रिकसुद्धा कोणी नाही अशी माणसं. डिग्री मिळाल्याचं नोटिफिकेशन निघालं की पेढे घेऊन यायचे आणि आमच्या सासूबाई त्यांना बळंच जेवायला बसवायच्या. दार मोठं झालं म्हणूनच ती आत आली ना?

आता आजच्याबद्दल. आज पीएचडी सोपी झालीये असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नियम वाचावेत. २००९ पासून प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क आलं. २०२२ च्या नियमांनी एमफिल, म्हणजे पीएचडीच्या आधीची छोटी संशोधनाची डिग्री, बंद केलं. एका गाईडकडे, म्हणजे पीएचडीच्या मार्गदर्शकाकडे, किती विद्यार्थी याची मर्यादा आहे, प्रोफेसर ८, असोसिएट ६, असिस्टंट ४. आणि गाईड व्हायला कायम नोकरीतलाच माणूस लागतो, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला चालत नाही. आता हे दोन नियम एकापुढे एक ठेवा आणि वर्षानुवर्षं न भरलेल्या जागा त्याच्या शेजारी ठेवा. एक प्रोफेसर रिटायर झाला आणि जागा तशीच राहिली की आठ मुलांची जागा गेली. माझ्या भाचीची मुलगी सेट, म्हणजे प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा, पास आहे, दोन कॉलेजांत तासांवर शिकवते, दोन वर्षं झाली गाईड मिळत नाही, एका ठिकाणी तर सरळ सांगितलं की आमच्याकडे या विषयाला कायम माणूसच उरला नाही, पुढच्या वर्षी बघा. तिला 'गल्लोगल्ली'चं कात्रण दाखवलं तर म्हणाली, आजी, कुठल्या गल्लीत ते पण विचार ना.

खोट्या जर्नलात पैसे भरून पेपर छापणारे आहेत, कॉपी-पेस्टवाले आहेत, मान्य, त्यांना झोडा. पण डेक्कन कॉलेज चार-पाच माणसं नेमली म्हणून उभं राहिलं आणि इथे माणसं नेमायचीच नाहीत आणि वरून दर्जा गेला म्हणून पोरांना बोलायचं हे काही मला पटत नाही. तुमच्या वार्ताहराला जमलं तर विद्यापीठात विभागवार किती जागा मंजूर आणि किती भरलेल्या एवढा एक तक्ता छापा.

जाता जाता, माझ्या माळ्यावर अजून सात थीसिसच्या पाचव्या कॉप्या आहेत, फिकट झाल्यात पण वाचता येतात, मालक न्यायला आलेच नाहीत. एक नाशिकच्या द्राक्षांवर आहे. कुठल्या लायब्ररीला पाहिजे असतील तर तुमच्या ऑफिसात आणून देते, फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायला लावू नका.

— एक जुनी टायपिस्ट, सदाशिव पेठ, पुणे ३०