लोखंडाविना जहाज, खंडाविना नोंद

महोदय,

सौरवादळाच्या बातम्यांत सगळा भर उपग्रहांवर असतो, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जमिनीवरच्या वेधांवर ओळही नसते; अशा वादळात तेच चुंबकत्व डळमळते. रशियात जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांच्या 1829 च्या भेटीनंतर भौतिकशास्त्रज्ञ कुप्फर यांच्या पुढाकाराने कझान, बर्नौल, नेर्चिन्स्क ते तेव्हा रशियन असलेल्या अलास्कातील सिट्कापर्यंत चुंबकीय वेधशाळा झाल्या. सर्वत्र ठरल्या वेळी वाचन घेतले, तरच चुंबकसुईची थरथर स्थानिक की जागतिक हे कळते. समुद्रावर अडचण वेगळी: पोलादी जहाज स्वतःच चुंबकासारखे वागते, नोंद बिघडते. म्हणून सोव्हिएत संशोधन-जहाज ‘झार्या’ लाकडी, तिच्यातले धातुकाम शक्य तिथे पितळ-कांस्याचे.

नोंदींची सलग मालिका सहज तुटू शकते: सेंट पीटर्सबर्गजवळच्या पाव्लोव्स्कची 1878 ची वेधशाळा दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने वाचन बिघडणार, म्हणून कुलाब्याचे वेध अलिबागला नेले, पण 1904 ते 1906 दोन्हीकडे समांतर नोंदी घेतल्या. त्यामुळेच मालिका जुळली. या नोंदींवर आपण सविस्तर लिहावे, ही विनंती.

— एक वाचक, अलिबाग